मागे घेतलेला विषाणू

सोमवार, ३ मार्च

मुंगे,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. मेलं असतं तर फोन केला असता.

फोन तुझ्या आईचा. तिच्या खोलीत बसून बोलायचं म्हणजे चावडीवर बोलल्यासारखं, आणि खोलीबाहेर बोललं तरी तेच. तिच्या अंगातलं बळ गेलंय, कान शाबूत आहेत. म्हणून लिहायला बसले. चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तेव्हा काना-मात्रा तपासत बसू नकोस.

अख्खा फेब्रुवारी गेला, तुझा फोन नाही. आई लावते तर उचलत नाहीस. दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, ‘कामात आहे.’ तुझी आई तो मला सरकारी हुकूम वाचावा तसा वाचून दाखवते आणि वर म्हणते, “मोठं काम चाललंय तिचं.” कामं मीही केलीत. इस्त्रीच्या दुकानात उभी राहून पायांचे खांब झाले माझ्या, पण कोणी हाक मारली तर ओ द्यायला वेळ होता. कामातला माणूस फोन उचलून ‘कामात आहे’ म्हणतो आणि ठेवतो. उचलतच नाही तो लपलेला असतो.

कशापासून लपलीस ते कळव.

इथलं ठीक. पेपरातलं तुझं कात्रण आईने कपाटाच्या दारावर चिकटवलंय. पांढऱ्या कोटात तू, हातात काचेची नळी, आणि तोंडावर असं हसू की जसं काही नळीत नवरा सापडलाय. वर मोठ्या अक्षरात, ‘थकव्याच्या आजारामागचा विषाणू सापडला’. घरात येणाऱ्याने आधी ते वाचायचं, मग बसायचं. शेजारची शिंपीणबाई बिचारी उशीचा अभ्रा द्यायला आली, तिलाही उभ्याने वाचायला लावलं. लोक ‘मला नातू झाला’ म्हणून सांगतात, तशी तुझी आई सांगते, “मला विषाणू आहे.”

हसण्यासारखं आहे, पण मी हसत नाही. ती पडली तेव्हा तू सातवीत होतीस. तापाचं निमित्त झालं, ताप गेला, आणि ती काही उठली नाही. वेणी घातली तरी दम लागायचा, जिन्याकडे नुसतं बघून थकायची. कुठल्या रिपोर्टात काही निघेना. डॉक्टर म्हणाले, मनाचं आहे. तुझा बाप म्हणाला, नाटक आहे, आणि निघून गेला. मी काय म्हणत होते ते तुला माहीत आहे, तुझ्या बापाहून वेगळं नव्हतं, उगाळायला नको. तू एकटीच तिच्या पायथ्याशी बसून विचारायचीस, “आई, आज कुठे दुखतंय?”

तेव्हाच तुझ्या डोक्यात हे शिरलं असणार. आधी कोंबड्यांच्या रोगामागे लागलीस, मग डासांच्या तापामागे. त्या तापाच्या वस्तीत महिनाभर तंबूत राहिलीस, गावभर डास पकडत हिंडलीस. मी शिंपीणबाईला म्हणायचे, दिसणाऱ्या गोष्टींची एवढी कामं पडलीत, ही पोरगी न दिसणाऱ्यामागे का धावते? पण मग बर्फाचा डबा घेऊन तू घरी आलीस. आईचं रक्त घेतलंस, तिच्यासारख्या आणखी बायाबापड्यांचं घेतलंस, आणि जोडीला धडधाकट म्हणून माझंही. वर्षभराने पेपरात आलं. त्याच आठवड्यात तुझा बाप दारात उभा. इतक्या वर्षांनी. म्हणाला, “माझं चुकलं.” आईने त्याला बस म्हटलं नाही. उभा राहिला, गेला. त्या दिवशी ती स्वतःच्या हाताने जेवली आणि ताटही स्वतः उचललं.

मागच्या फोनवर तू मला विचारलंस, आई कसलं औषध घेते का. मी नाही म्हटलं. नाहीच घेत, झोपेची एखादी गोळी सोडली तर. पण विचारलंस का?

— आजी

शनिवार, १५ मार्च

मुंगे,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं. ‘एक गोष्ट पुन्हा तपासते आहे. नक्की होईपर्यंत कोणाजवळ बोलू नकोस. आईने कुठलाही नवा उपचार सुरू करू नये.’ एवढं शिकून चार ओळी लिहिता येतात होय? गॅस एजन्सीवालासुद्धा याहून लांब चिठ्ठी ठेवून जातो.

आणि सुरू करू नये म्हणजे काय? आधीच सुरू केलेला असला तर? शिंपीणबाईच्या बहिणीलाही तोच थकव्याचा आजार आहे, ती विचारत होती, म्हणून विचारते.

आता चांगली बातमी. परवा तुझी आई कोपऱ्यापर्यंत चालत गेली. मी खोटं सांगत नाही. भिंतीला धरून गेली, फळवाल्यासमोर उभी राहिली, आणि सफरचंदं मऊ आहेत म्हणून त्याच्याशी भांडली. परत आली तेव्हा धापा टाकत होती, पण तोंडावर तेज असं की लढाई जिंकून आली. म्हणाली, “बघितलंस? कारण कळलं की माणूस उठतो.” रात्रभर मग तिचे पाय दुखत होते. ते तिने मला सांगितलं नाही, मी दाबले तेव्हा कळलं.

समोरचा डॉक्टर तिला एक टॉनिक देतो. तू ओळखतेस त्याला, तोच, सदा हसणारा. माणूस वाईट नाही. हल्ली त्याच्याकडे असल्या थकलेल्या लोकांची रांग असते, लांबून लांबून येतात. तुझा तो छापील लेख त्याच्या टेबलावर असतो, लाल पेनाने खुणा करून. मला बघितलं की म्हणतो, “आजी, तुमच्या घरात ज्ञानाची खाण आहे.”

मी म्हटलं, “खाण आमच्या घरात, आणि खणायला तुम्ही बसलात.”

त्यावरही हसला. त्याला काहीही म्हणा, हसतोच.

आईचे डोळे जरा पिवळट वाटतात. खोलीचा पडदा पिवळा आहे, त्याची झाक पडत असेल.

काय तपासते आहेस ते लिही. घोळात घेऊ नकोस. मी म्हातारी आहे, लहान मूल नव्हे.

— आजी

बुधवार, २ एप्रिल (कुरियरने)

मुंगे,

तुझं लांब पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं. मला समजलं ते लिहिते, चुकलं तर सांग.

प्रत्येक आजाऱ्याच्या रक्ताच्या दोन नळ्या घेतल्यास. एक कामाची, एक गोठवून ठेवायची. कामाच्या नळीत काही सापडेना, म्हणून तू ती पुन्हा उघडलीस, आणि पुन्हा उघडलीस. त्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर कोणी दुसऱ्याच कामासाठी उंदराच्या पेशींत एक विषाणू वाढवत होतं. हवेतून म्हण, हातमोज्यावरून म्हण, तो कणाकणाने तुझ्या नळ्यांत उतरला. जी नळी जास्त उघडली तिच्यात जास्त. निरोगी माणसांच्या नळ्या एकदाच उघडल्या होत्या, त्या कोऱ्या राहिल्या. म्हणून दिसलं काय, तर आजाऱ्यांत आहे आणि निरोग्यांत नाही. आता तू गोठवलेल्या नळ्या दुसऱ्या इमारतीत नेऊन उघडल्यास, तर सगळ्या स्वच्छ. विषाणू माणसांत नव्हताच, तुमच्या खोलीत होता.

नळ्यांवर नावं नव्हती, आकडे होते, पण आईचा आकडा तुला पाठ होता. काही सापडलं नाही की पहिली तीच नळी हातात घ्यायचीस. म्हणून तिच्यात सगळ्यांहून जास्त निघाला.

इथपर्यंत वाचून मी उठले आणि चार चादरींना इस्त्री केली. मग पुढचं वाचलं.

माझी नळी एकदाच उघडलीस, नाही का? बरोबर आहे. धडधाकट माणसाकडे कोण दोनदा बघतं.

तुझे सर म्हणतात, घाई नको. इतर लॅबवाले तपासतील, त्यांना सापडणार नाही, गोष्ट आपोआप विरून जाईल, आपण होऊन आपल्याच तोंडाला काळं कशाला फासा. तुझी कायमची जागा याच उन्हाळ्यात ठरायची आहे. कोंबड्यांपासून आजवर केलेलं सगळं पाण्यात जाईल, असं तू लिहितेस. आणि मला विचारतेस, ‘आजी, इतक्या वर्षांनी लोकांनी आईवर विश्वास ठेवला, तो मीच काढून घेऊ का?’

हा प्रश्न चांगला आहे, पण त्याला आता वेळ नाही. ऐक.

ते टॉनिक नाही. गोळ्या आहेत. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी निघालेल्या, विषाणू मारायच्या. डॉक्टरने तुझा लेख वाचून जानेवारीपासून सुरू केल्यात. तू फोनवर मला विचारलंस तेव्हा आई समोर बसून मान हलवत होती, सांगू नको म्हणून. तिला वाटलं, तू अडवशील. मला वाटलं, तिला गुण येतोय तर कशाला मोडता घाला.

गुण आता असा आहे की आठवडाभर तिच्या पोटात अन्न ठरत नाही. अंग खाजतं. डोळे हळदीसारखे झालेत. खोलीचा पडदा पिवळा नाही, निळा आहे.

मी गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या. अंगात बळ नाही म्हणणारी बाई स्टुलावर चढली आणि शोधून काढल्या.

“आई, गोळ्या पिठात कशा गेल्या?”

“मला काय ठाऊक? चालत गेल्या असतील.”

“तुला मी बरी व्हायला नकोय का?”

मी पीठ झाडत बसले.

मग डॉक्टरकडे गेले. म्हणाला, “आजी, लिव्हरला थोडा ताण येणारच. विषाणू जाताना त्रास देतो.”

मी म्हटलं, “आणि विषाणू नसेलच तर?”

“अहो, तुमच्या नातीनेच तर शोधलाय!” आणि लाल खुणांचा लेख माझ्यासमोर धरला. “तिच्यापेक्षा तुम्हाला जास्त कळतं का?”

तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. काढून दाखवणार होते. पण तू लिहिलंयस, कोणाला दाखवू नकोस. आणि एका म्हातारीच्या पिशवीतल्या हाताने लिहिलेल्या कागदाला छापील कागदापुढे कोण विचारतं? तरी दाखवायला हवं होतं की काय, ते घरी येईपर्यंत मनात घोळत राहिलं.

शिंपीणबाईच्या फोनवरून तुला तीनदा लावला. अनोळखी नंबर म्हणून उचलला नसशील. म्हणून कुरियर. हे वाचलंस की उभ्या उभ्या आईला फोन लाव. माझ्याशी काय भांडायचं ते नंतर भांड, मी कुठे पळून जात नाही.

— आजी

सोमवार, ७ एप्रिल

मुंगे,

तू फोन केलास, बरं झालं. तुझ्या बाजूचं तुला माहीत आहे, इकडचं सांगते.

आईने तुझं नाव बघितलं आणि केस सारखे केले, जसं काही तू समोर येऊन बसणार होतीस. मग ऐकत राहिली. मध्येच एकदा “बरं” म्हणाली. शेवटी “ठेवते” म्हणाली आणि ठेवला. मी दारात उभी.

“काय म्हणते?” मी विचारलं.

“खोटं बोलते.”

“कशाला बोलेल खोटं?”

“तिच्या साहेबाने बोलायला लावलं असेल. कोणाला तरी हा शोध नको असेल. नाहीतर...” फोन उशीखाली सारला. “नाहीतर तीही बापावर गेली.”

मुंगे, हे मी लिहिणार नव्हते. पण तू मला मोठ्या माणसासारखं लिहिलंस, तेव्हा मीही तुला मोठ्या माणसासारखं लिहिते.

तू डॉक्टरलाही फोन केलास ते त्यानेच मला सांगितलं. म्हणतो, “मॅडमवर दबाव दिसतो. छापलंय ते मी मानतो. उद्या त्यांनी दुसरं छापलं तर तेही मानीन. फोनवर औषधं थांबवली तर उद्या मला लोक विचारतील, कोणाच्या सांगण्यावरून?” हसत होता, पण कमी.

मग मी माझ्या पद्धतीने गेले. आईला म्हटलं, “मोठ्या दवाखान्यात चल. विषाणू किती मेला आणि किती उरला ते तरी बघून येऊ.” लगेच तयार झाली. टॅक्सीत बसेपर्यंत शिंपीणबाई एका बाजूने, मी एका बाजूने. आमचा तिघींचा मोर्चा बघून फळवाला उठून उभा राहिला.

तिथल्या डॉक्टरीणबाईने डोळ्यांची पापणी ओढून बघितली आणि रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत तिला घरी सोडलंच नाही. रिपोर्ट बघून तर पलंगच दिला. म्हणाली, आणखी काही आठवडे असंच चाललं असतं तर लिव्हर हातचं गेलं असतं. गोळ्या बंद. तुझी आई तिच्याशीही वाद घालत होती, “माझ्या मुलीचा लेख वाचा.” ती म्हणाली, “वाचलाय. रिपोर्टही वाचलाय.”

तर सध्या ती त्यांच्या ताब्यात आहे, नळी लावलेली, आणि माझ्याशी अबोला. फसवून आणलं म्हणते. खरंच आहे. पण मी निघताना अबोला मोडून काय म्हणाली ऐक. “इथे बंद केल्या, घरी गेल्यावर मी पुन्हा घेणार. डॉक्टर देतोय ना.”

तू येते म्हणतेस. येऊ नकोस. म्हणजे ये, पण आधी नको. आईजवळ मी आहे. त्या डॉक्टरच्या बाकड्यावर मी बसले होते तेव्हा माझ्या शेजारी एक शाळामास्तर होता, भिंतीला डोकं टेकून. पलीकडे एक तरुण मुलगी, तिचा नवरा तिची चप्पल तिच्या पायात घालत होता. दोघांच्याही हातात त्याच गोळ्यांची पाकिटं. तू इथे आलीस तर तुझ्या आईच्या उशाशी बसशील. त्यांच्या लेकी काही लॅबमध्ये नाहीत. आणि आईसुद्धा घरी आल्यावर तुझं ऐकणार नाही. डॉक्टर देईल तोवर घेईल, आणि डॉक्टर छापलेलंच मानतो.

तर छाप.

सर काय म्हणतात ते म्हणू देत. त्यांची आई या पलंगावर नाही. कायमची जागा गेली तर जाईल. उपाशी मरणार नाहीस, इथे दोन इस्त्र्या आहेत. तुला कॉलरला घडी पाडता येत नाही, पण शिकशील.

— आजी

गुरुवार, २४ एप्रिल

मुंगे,

छापून आलं. आधी डॉक्टरने सांगितलं, मग दोन दिवसांनी पेपरात आलं. आतल्या पानावर, पाणीकपातीच्या बातमीखाली, बोटभर. सापडला तेव्हा पहिल्या पानावर होता, नव्हता तो आत गेला. पेपरवाल्यांचंही बरोबर आहे, नसलेल्या गोष्टीला जागा किती देणार?

डॉक्टरने तुझं पूर्ण निवेदन मला वाचून दाखवलं, तेही मराठीत करून. ‘ही चूक माझ्या कामाच्या पद्धतीतून झाली. या विषाणूवर कोणीही उपचार घेऊ नये.’ खाली एकटीचं नाव. सरांचं नाव शोधशोध शोधलं, नाही. वाचून झाल्यावर त्याने कागदाची घडी घालून ठेवली. त्याला न हसता मी पहिल्यांदा बघितलं. चेहरा बराच साधा आहे त्याचा. मग त्याने मदतनीस मुलीला हाक मारली आणि गोळ्या घेणाऱ्या सगळ्यांना फोन लावायला बसला. मास्तरला मी ओळखते म्हटल्यावर म्हणाला, “आजी, त्याला तुम्ही सांगाल का? तो माझ्यावर ओरडेल.” मी म्हटलं, “ओरडू दे. त्याच्या अंगात तेवढं तरी बळ आहे का बघा.” शेवटी त्यानेच सांगितलं. मास्तर ओरडला नाही, रडला म्हणे.

तुझी जागा दुसऱ्याला दिली ते समजलं. तुला तळमजल्यावरच्या खोलीत बसवलंय आणि काम काही दिलेलं नाही, हेही. एक लॅब तुला बोलावते आहे, लहान आहे, लांब आहे, पगार कमी, असं लिहिलंस. जा. पण तिथे खोल्या वेगळ्या आहेत का ते आधी बघून घे.

इथे दोन दिवस लोक येऊन गेले. जिन्यावरची वकिलीणबाई म्हणाली, “तुमच्या नातीचं चुकलं म्हणे?”

“हो, चुकलं. तिनेच सांगितलं. तुमच्याकडे चुकतं तेव्हा कोण सांगतं?”

ती मग उठून गेली.

आई घरी आलीय. डोळे पांढरे व्हायला लागलेत, दोन घास ठरतात. गोळ्यांचं नाव काढलं नाही. तुझंही काढलं नाही. आल्या आल्या कपाटावरचं कात्रण तिने नखाने खरवडून काढलं आणि चुरगळून टाकलं. पूर्ण निघालं नाही, चिकटपट्टीचे तुकडे राहिलेत. मग भिंतीकडे तोंड करून पडली. मला वाटलं, आता ही पुन्हा तुझ्या सातवीच्या वर्षात जाणार.

काल तुझ्या बापाचा फोन आला. आई झोपल्यासारखी पडलेली, म्हणून मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

म्हणाला, “पेपर वाचला. मी तेव्हाच म्हणत होतो.”

मी विचारलं, “काय म्हणत होतास?”

“म्हणजे... विषाणू-बिषाणू काही नाही.”

“विषाणू नाही असं तुझी मुलगी म्हणाली. आजार नाही असं ती म्हणालेली नाही. इतकी वर्षं मी हिचे पाय दाबतेय, नाटकवाल्यांचे पाय असे नसतात. हा फरक कळत नसेल तर फोन ठेव, आणि कळला तरी ठेव.”

आणि मीच ठेवला.

परत खोलीत आले तर आई उठून बसलेली. कान, सांगितलं ना तुला.

“काय म्हणालीस त्याला?”

“ऐकलंस की.”

“पुन्हा म्हण.”

“नाही म्हणणार. एकदा म्हटलं तेच पुष्कळ झालं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी चादर झटकली, उशी पालथी केली, पाण्याचं भांडं भरलं. माझी कामं संपली तरी बघतच होती. शेवटी म्हणाली, “तू तिला पत्रं लिहितेस ना?”

“कोण म्हणतं?”

“बोटांना शाई असते तुझ्या. लिही तिला.”

“काय लिहू?”

तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मला वाटलं दमली. मग म्हणाली, “लिही, मला अजून बरं नाही.”

“आणि?”

“आणि काही नाही. एवढंच लिही.”

म्हणून लिहितेय. रिपोर्ट नाही, पेपरातली बातमी नाही, नुसतं तिचं म्हणणं आहे. तुझ्या आईला अजून बरं नाही. नव्या ठिकाणी रुजू व्हायच्या आधी चार दिवस इकडे ये, आणि बर्फाचा डबा घेऊन ये. सुया तुझ्या तू आण. दवाखान्यातल्या पोरींना तिची शीर सापडत नाही, दोन्ही हात काळेनिळे करून ठेवलेत.

— आजी